पराभवाला चेहरा हवा

२००३च्या ऑक्टोबरात, दोन रात्रींच्या अंतराने, अमेरिकेतली दोन शहरं जवळपास एकाच आकड्यावर येऊन कोसळली. १४ तारखेला शिकागोच्या रिग्ली फील्डवर कब्स हा बेसबॉल संघ ३-० असा पुढे होता. आठवी इनिंग चालू होती, प्रतिस्पर्धी फ्लोरिडा मार्लिन्सचा एक गडी बाद झाला होता. आणखी पाच बाद केले की १९४५नंतर प्रथमच कब्स वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेत जाणार होते. १६ तारखेला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर बॉस्टनचा रेड सॉक्स संघ ५-२ असा पुढे होता. तिथेही आठवी इनिंग, तिथेही एक बाद, तिथेही पाच बाकी. कब्सनी शेवटचं विजेतेपद मिळवलं होतं १९०८ साली, रेड सॉक्सनी १९१८ साली. दोन्ही संघ हरले.

त्यानंतर जे झालं ते मात्र दोन्हीकडे वेगळं होतं. शिकागोने गुन्हेगार म्हणून प्रेक्षकांतल्या एका तरुणाला धरलं. बॉस्टनने मॅनेजरला धरलं. दोन्ही शहरांना कुणीतरी लागत होतंच.

बेसबॉलच्या चाहत्याला असा पराभव नुसता पराभव म्हणून का गिळता येत नाही? त्याचं दुःख खोटं नसतं. सहा महिने रोज रात्री रेडिओ किंवा टीव्हीपुढे बसणाऱ्या माणसाचं ऑक्टोबरातलं रडू नाटकी असूच शकत नाही. पण त्या दुःखाला तो जो चेहरा चिकटवतो, तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. आणि ही चूक चाहत्याच्या मूर्खपणातून आलेली नसते. खेळाच्या रचनेनेच ती त्याला शिकवलेली असते.

आधी रचनेविषयी. बेसबॉलमध्ये सामना संपवणारं घड्याळ नाही. फुटबॉलमध्ये एक गोल पुढे असलेला संघ चेंडू कोपऱ्यात नेऊन वेळ काढतो. मर्यादित षटकांच्या क्रिकेटमध्ये चेंडू संपत जातात आणि आघाडी आपोआप पक्की होत जाते. बेसबॉलमध्ये आघाडीवरच्या संघाला लपायला जागा नाही. सत्तावीस गडी बाद करायचे म्हणजे करायचेच. सत्तावीसावा बाद होईपर्यंत समोरचा संघ कितीही धावा काढू शकतो. त्यामुळे चाहता वेळ मोजत नाही, बाद मोजतो. पाच बाकी, चार बाकी, तीन. शेवटच्या गड्यावर तर स्ट्राइक मोजतो. विजय किती पावलं दूर आहे हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा दुसरा खेळ सापडणं कठीण. आणि जिथे अंतर इतकं नेमकं मोजता येतं, तिथे पाय कुठल्या पावलावर घसरला हेही नेमकं दाखवता येतं. निदान तसं वाटतं.

मानसशास्त्रज्ञ मेडवेक, मेडी आणि गिलोविच यांनी १९९५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या पदकविजेत्यांचे चेहरे त्यांनी लोकांना दाखवले आणि कोण किती आनंदी दिसतं ते विचारलं. रौप्यपदकवाल्यांपेक्षा कांस्यपदकवाले अधिक आनंदी दिसले. कांस्यवाल्याच्या मनात असतं, थोडक्यात पदक मिळालं. रौप्यवाल्याच्या मनात असतं, थोडक्यात सुवर्ण गेलं. म्हणजे हरण्याचं दुःख अंतराच्या उलट प्रमाणात वाढतं. मोसमाअखेरच्या प्लेऑफमधला चाहता या नियमाचा सर्वात हक्काचा बळी, कारण त्याला ते अंतर दर चेंडूला फलकावर छापून मिळतं.

दुसरी गोष्ट मोसमाची. एप्रिल ते सप्टेंबर प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. चांगला संघही त्यातले साठेक सामने हरतो. त्यामुळे उन्हाळाभर चाहत्याला पराभवाची सवय असते. आज हरलो, उद्या पुन्हा आहेच. ऑक्टोबरात मात्र हा उद्या काढून घेतला जातो. पाच किंवा सात सामन्यांच्या मालिकेत १६२ सामन्यांचं गणित चालत नाही, हे आकडे वारंवार सांगतात. सिएटल मरिनर्सनी २००१ साली ११६ सामने जिंकले आणि न्यूयॉर्ककडून मालिका १-४ अशी गमावली. लॉस एंजेलिस डॉजर्सनी २०२२ मध्ये १११ जिंकले. त्यांना घरी पाठवलं सान डिएगो पाड्रेसनी, जे त्याच विभागात त्यांच्यापेक्षा तब्बल २२ विजयांनी मागे होते. पुढच्या वर्षी तर शंभर किंवा त्याहून जास्त सामने जिंकलेले तिन्ही संघ, अटलांटा, बाल्टिमोर आणि पुन्हा डॉजर्स, आपल्या पहिल्याच मालिकेत बाद झाले आणि ८४ विजयांचा अ‍ॅरिझोना संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत गेला. प्लेऑफ ही बऱ्याच अंशी सोडत आहे. पण सोडत हरलेल्या माणसासारखं चाहत्याला वाटत नाही. त्याला वाटतं खटला हरलो. आणि खटला म्हटला की आरोपी आला.

अशा आरोपींमध्ये सर्वात प्रसिद्ध नाव बिल बक्नरचं. २५ ऑक्टोबर १९८६, न्यूयॉर्कचं शे स्टेडियम, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. बॉस्टन मालिकेत मेट्सविरुद्ध ३-२ पुढे. दहाव्या इनिंगमध्ये बॉस्टनने दोन धावा काढून ५-३ अशी आघाडी घेतलेली. मेट्सचे पहिले दोघे झटपट बाद झाले. फलकावर बॉस्टनच्या अभिनंदनाचा मजकूर क्षणभर चमकूनही गेला. अशा जागेवरून सामना फिरणं म्हणजे शंभरातली एखादी वेळ. मग गॅरी कार्टरने फटका मारला, केव्हिन मिचेलने मारला, दोन स्ट्राइक गेल्यावर रे नाइटने मारला. ५-४. पिचर बदलला, बॉब स्टॅनली आला. त्याचा एक चेंडू कॅचरला चकवून मागे गेला आणि मिचेल घरी धावला. ५-५. त्यानंतर मूकी विल्सनचा एक संथ, सरपटता चेंडू पहिल्या बेसवरच्या बक्नरच्या पायांमधून निघून गेला आणि नाइटने विजयी धाव पूर्ण केली.

क्रम नीट पाहिला तर एक गोष्ट उघड होते. चेंडू बक्नरच्या पायांतून गेला तेव्हा आघाडी आधीच संपलेली होती. त्याने तो अडवला असता आणि विल्सन बाद झाला असता, तरी सामना ५-५ वर अकराव्या इनिंगमध्ये गेला असता. बॉस्टन जिंकलं नसतं. शिवाय हा सहावा सामना होता. दोन दिवसांनी सातवा झाला, त्यात बॉस्टनने ३-० अशी आघाडी घेतली आणि ती घालवून ८-५ असा पराभव ओढवून घेतला. त्या सामन्याबद्दल कुणी बोलत नाही. बक्नरचे घोटे निकामी झाले होते, तो विशेष उंच बूट घालून खेळत होता, आणि आघाडी राखायची असेल तर शेवटच्या इनिंगमध्ये त्याच्या जागी डेव्ह स्टेपल्टनला उभं करायचं हा त्या मोसमातला मॅनेजर जॉन मॅक्‌नमाराचा रिवाज होता. त्या रात्री तो पाळला गेला नाही.

मग स्टॅनली नाही, त्याच्या आधीचा पिचर काल्विन शिराल्डी नाही, मॅक्‌नमारा नाही, बक्नरच का? कारण बाकीच्यांची चूक समजावून सांगावी लागते, बक्नरची नुसती दिसते. पायांतून गेलेला चेंडू लहान मुलालाही कळतो. टीव्हीवर तो पाच सेकंदांत बसतो, आणि पुढची वीस वर्षं दर ऑक्टोबरात त्याच पाच सेकंदांची उजळणी होते. कारकिर्दीत २७१५ हिट मारणारा, १९८० साली नॅशनल लीगमधला सर्वोत्तम फलंदाज ठरलेला माणूस त्या पाच सेकंदांत मावला. दोष ठरवताना चाहता कारणांची साखळी उलगडत बसत नाही. साखळीतली जी कडी कॅमेऱ्याने सर्वात स्वच्छ टिपली, ती उचलतो.

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल, आणि योगायोगाने वर्षही तेच आहे. एप्रिल १९८६ मध्ये शारजाला शेवटच्या चेंडूवर जावेद मियाँदादने षटकार मारला आणि चेतन शर्मा आयुष्यभरासाठी त्या एका फुलटॉसचा धनी झाला. त्याच उन्हाळ्यात बर्मिंगहॅमच्या कसोटीत त्याने दहा बळी घेतले. पुढच्या वर्षी नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध त्याने घेतलेली हॅटट्रिक विश्वचषकाच्या इतिहासातली पहिली. पण पारावर नाव निघालं की शारजाच निघतं, नागपूर नाही.

शिकागोची गोष्ट याहून विचित्र आहे, कारण तिथे आरोपी खेळाडू नव्हताच. मार्लिन्सच्या लुईस कास्टियोने एक उंच फटका डाव्या बाजूच्या कठड्याकडे मारला. कब्सच्या मोइझेस अलूने उडी घेतली. त्याच वेळी प्रेक्षकांतले काही हात चेंडूकडे गेले, जसे ते कुठल्याही स्टेडियममध्ये जातात, आणि त्यातल्या एकाला चेंडू लागला. चेंडू प्रेक्षकांच्या बाजूला आला होता, म्हणून पंचाने अडथळ्याचा निर्णय दिला नाही. नुकसान एवढंच, की एक झेल हुकला. कास्टियो अजून बॅटिंगलाच उभा होता आणि कब्स अजून ३-० पुढे होते.

पुढचं सगळं कब्सनी स्वतः केलं. थकलेल्या पिचर मार्क प्रायरने कास्टियोला फुकट बेस दिला. इव्हान रॉड्रिगेझने फटका मारून एक धाव आणली. मग मिगेल काब्रेराचा एक सरळ चेंडू शॉर्टस्टॉप अ‍ॅलेक्स गोन्झालेझकडे आला. त्यावर दोन गडी बाद होऊन इनिंग संपू शकली असती. त्या मोसमात लीगमधल्या सर्वात भरवशाच्या शॉर्टस्टॉपांत गोन्झालेझची गणना होत होती, आणि चेंडू त्याच्या हातून निसटला. डेरेक लीने पुढच्या फटक्यात बरोबरी साधली. इनिंग संपली तेव्हा मार्लिन्सच्या आठ धावा झाल्या होत्या. सामना ८-३. मालिका अजून ३-३ वर होती. दुसऱ्या रात्री, त्याच मैदानावर, कब्स ५-३ पुढे गेले आणि ९-६ हरले.

तरीही त्या तरुणाला सुरक्षारक्षकांच्या गराड्यात मैदान सोडावं लागलं. त्याच्या अंगावर बिअर फेकली गेली, त्याच्या घराबाहेर पोलीस उभे राहिले. त्याने लेखी माफी मागितली, ज्या गोष्टीची माफी मागायचं कारणच नव्हतं. फ्लोरिडाचे गव्हर्नर जेब बुश यांनी त्याला आपल्या राज्यात आश्रय देऊ केला. विनोद होता, पण तो करावासा वाटला यातच परिस्थिती कळते. तो चेंडू लिलावात विकला गेला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये शिकागोच्या एका रेस्टॉरंटबाहेर समारंभपूर्वक स्फोटाने उडवण्यात आला. चेंडूला फाशी देण्याइतकी वेळ आलेल्या शहराची मनःस्थिती समजून घ्यायला हवी. त्या चाळीस हजारांत प्रत्येकाने त्या जागी बसून तोच हात पुढे केला असता. म्हणूनच बहुधा राग इतका तीव्र होता. खेळाडूवर चिडताना चाहता अंतर ठेवू शकतो. मी असतो तर पकडला असता, असं खोटं का होईना म्हणू शकतो. इथे तो बाजूच्या खुर्चीवर चिडला होता.

१९७६ मध्ये रॉबर्ट चियाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांवर एक अभ्यास केला. आपल्या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ जिंकला की विद्यार्थी सांगायचे, आम्ही जिंकलो. हरला की, ते हरले. हा निष्कर्ष नंतर हजार वेळा सांगितला गेला, आणि तो खराही आहे, पण कब्स किंवा रेड सॉक्सच्या जुन्या चाहत्याला तो पुरता लागू पडत नाही. ज्याच्या आजोबांनीही वाट पाहिली त्याला ‘ते’ म्हणून सुटता येत नाही. संघ त्याचाच आहे. म्हणून तो दुसरी युक्ती करतो. संघाला वाचवतो आणि एका माणसाला संघाबाहेर काढतो. आम्ही हरलो नाही, ते हरले नाहीत, त्याने हरवलं. एक माणूस वजा केला की बाकीचं प्रेम जसंच्या तसं पुढच्या एप्रिलपर्यंत नेता येतं.

याच गरजेची एक निरुपद्रवी वाटही आहे: शाप. बेब रूथ या खेळाडूला न्यूयॉर्कला विकल्याचा सौदा १९२०च्या सुरुवातीला जाहीर झाला, आणि म्हणून बॉस्टनला शाप लागला, असं म्हणतात. पण या शापाची चर्चा खऱ्या अर्थाने सुरू झाली १९८६च्या पराभवानंतर, आणि डॅन शॉनेसी या पत्रकाराच्या १९९०च्या पुस्तकाने ती घरोघरी पोचवली. म्हणजे सात दशकांचा शाप शोधायला सहा-साडेसहा दशकं गेली. कब्सच्या वाट्याला १९४५ मध्ये बोकडासह बाहेर काढलेल्या एका गुत्तेवाल्याचा शाप होता. अडाणीपणा म्हणून यावर हसणं सोपं आहे. पण शापाला घर नसतं, त्याच्या दाराशी पोलीस उभे करावे लागत नाहीत. चाहत्याला दैव आणि माणूस यांतून एक निवडायचं असेल, तर दैव निवडणारा जास्त सुसंस्कृत म्हणावा लागेल. दुर्दैवाने बॉस्टनने दोन्ही एकदम वापरले.

यावर एक रास्त आक्षेप येतो. मग कुणालाच जबाबदार धरू नये का? धरावं. २००३ची बॉस्टनची रात्र त्याचंच उदाहरण आहे. आठव्या इनिंगमध्ये पेद्रो मार्टिनेझ थकला होता. शंभराच्या आसपास चेंडू टाकल्यावर त्याची धार जाते हे संघाच्या आकडेवारीत स्पष्ट होतं. न्यूयॉर्कच्या डेरेक जीटरने फटका मारला, बर्नी विल्यम्सने मारला, ५-३ झालं. मॅनेजर ग्रेडी लिटल मैदानात गेला, पेद्रोशी बोलला आणि त्याला तिथेच ठेवून परत आला. पुढचे दोन्ही फलंदाज डबल मारून गेले, ५-५. राखीव पिचर तयार होते, आणि त्या प्लेऑफमध्ये त्यांनी उत्तम कामगिरी केली होती. अकराव्या इनिंगमध्ये अ‍ॅरन बूनने टिम वेकफील्डच्या चेंडूवर होम रन मारला आणि न्यूयॉर्क जिंकलं.

इथे कॅमेऱ्याने टिपलेला माणूस वेकफील्ड होता. त्या रात्रीचं सर्वात स्वच्छ चित्र त्याचंच: मान खाली घालून मैदान सोडणारा पिचर. पण बॉस्टनने त्याला हात लावला नाही. याच मालिकेतले दोन सामने त्याने जिंकून दिले होते, आणि लोकांना ते आठवलं. राग गेला तो लिटलकडे, आणि पंधरा दिवसांच्या आत त्याचा करार न वाढवण्याचा निर्णय जाहीर झाला. लिटल निर्णय घेण्याच्या जागेवर होता, हाताशी माहिती होती, पर्याय होता, वेळ होता. त्याने चुकीचा निर्णय घेतला. बक्नरच्या पायांना पर्याय नव्हता, त्या प्रेक्षकाच्या हाताला तर विचार करायला अर्धा सेकंदही नव्हता. निर्णयावर रागावणं आणि अपघातावर रागावणं यांतला फरक चाहत्याला कळतो, याचा हा पुरावा. मग शिकागोला दोन रात्री आधी तो का कळला नाही? तिथेही प्रायरला वेळेत न हलवणारा मॅनेजर डस्टी बेकर होताच. पण बॉस्टनला बक्नरच्या सतरा वर्षांचा अनुभव होता, आणि शिकागोकडे हात पुढे केलेला एक सोपा तरुण होता.

या रागाची किंमत मोजणाऱ्यांत डॉनी मूरचं नाव नेहमी घेतलं जातं. १२ ऑक्टोबर १९८६, कॅलिफोर्निया एंजल्स वर्ल्ड सिरीजपासून एका स्ट्राइकवर होते. मूरच्या चेंडूवर बॉस्टनच्या डेव्ह हेंडरसनने होम रन मारला. एंजल्सनी त्याच इनिंगमध्ये बरोबरी केली आणि अकराव्यात सामना गमावला. मग पुढचे दोन सामनेही. आदल्याच वर्षी ३१ सेव्ह करणाऱ्या मूरला घरच्या मैदानावर हुर्यो ऐकावी लागली. जुलै १९८९ मध्ये त्याने पत्नीवर गोळ्या झाडल्या आणि स्वतःला संपवलं, ती वाचली. त्या एका चेंडूनेच त्याला मारलं, असं तेव्हा लिहिलं गेलं आणि अजून लिहिलं जातं. पण दुखणारं शरीर, दारू, घरातली मारहाण, संपत आलेली कारकीर्द हे सगळं त्या घरात होतं. एका चेंडूने सगळ्या आयुष्याचा उलगडा करायचा ही तीच सवय आहे, फक्त या वेळी ती सहानुभूतीच्या वेषात आली. आणि त्यात गोळ्या खाऊन जगलेली बाई पुन्हा एकदा सामन्याच्या वृत्तांतातली तळटीप झाली.

राल्फ ब्रॅन्का वेगळा निघाला. ३ ऑक्टोबर १९५१, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. ऑगस्टात साडेतेरा सामन्यांनी पुढे असलेल्या ब्रुकलिन डॉजर्सना जायंट्सनी गाठलं होतं आणि तीन सामन्यांचा प्लेऑफ शेवटच्या इनिंगपर्यंत आला होता. डॉजर्स ४-२ पुढे असताना बॉबी थॉमसनने ब्रॅन्काच्या चेंडूवर तीन धावांचा होम रन मारला. जायंट्सचे लोक मध्यमैदानाच्या मागच्या खोलीतून दुर्बिणीने कॅचरच्या खुणा वाचत होते आणि त्या फलंदाजाकडे पोचवत होते, हे जॉशुआ प्रेगर या पत्रकाराने २००१ साली पुराव्यानिशी मांडलं. ब्रॅन्काच्या कानावर ही कुणकुण कित्येक दशकं आधीच आली होती. तो गप्प राहिला. थॉमसनशी त्याची मैत्री झाली, दोघे वर्षानुवर्षं एकत्र कार्यक्रमांना जात, चेंडूंवर सह्या करत.

बॉस्टनने बक्नरला माफ केलं ते एप्रिल २००८ मध्ये. फेनवे पार्कवर पहिला चेंडू टाकायला तो आला, उभं राहून टाळ्या झाल्या, त्याने डोळे पुसले. दृश्य सुंदर होतं, पण तोवर रेड सॉक्स २००४ आणि २००७ असे दोनदा जिंकले होते. शिकागोने २०१६ मध्ये विजेतेपद मिळवलं आणि २०१७ मध्ये त्या प्रेक्षकाला विजेत्यांची अंगठी दिली. कर्ज फिटल्यावर सावकाराशी सगळेच गोड बोलतात. १९८७च्या एप्रिलमध्ये त्या टाळ्या झाल्या असत्या तर त्यांना माफी म्हणता आलं असतं.

२०१६ची ती अंतिम लढतसुद्धा सहज उलटी फिरली असती. क्लीव्हलंडला सातव्या सामन्यात कब्स ६-३ पुढे होते, चार बाद बाकी होते, आणि अरोल्डिस चॅपमनच्या चेंडूंवर क्लीव्हलंडने ६-६ अशी बरोबरी केली; शेवटच्या दोन धावा राजाई डेव्हिसच्या होम रनच्या. आदल्या सामन्यात मोठी आघाडी असताना चॅपमनला राबवल्याबद्दल मॅनेजर जो मॅडनवर टीका चालूच होती. शिकागोचा पुढचा आरोपी जवळजवळ ठरला होता. मग पाऊस आला, खेळ सतरा मिनिटं थांबला, कब्सचे खेळाडू व्यायामाच्या एका खोलीत जमले, जेसन हेवर्डने त्यांना चार शब्द सांगितले, आणि दहाव्या इनिंगमध्ये ते ८-७ जिंकले.

त्या रात्री हरलं क्लीव्हलंड. मालिकेत ३-१ अशी आघाडी होती, शेवटचे दोन सामने घरच्या मैदानावर होते, विजेतेपदाची वाट १९४८पासूनची होती. पायांतून गेलेला चेंडू नाही, कठड्यावरून पुढे आलेला हात नाही, मैदानातून नुसतं बोलून परत येणारा मॅनेजर नाही. दहाव्या इनिंगमध्ये धावा देणाऱ्या पिचरचं नाव क्लीव्हलंडबाहेर फारसं कुणी घेत नाही. तिथे विचारलं, तर लोक बहुधा पावसाविषयीच बोलतात.